काकांना बाहेर कोणी काढलं?

"त्यात काय एवढं" असं म्हणून माणसाने कोणतंही काम अंगावर घेऊ नये, या मताला मी अलीकडेच आलो आहे. मात्र हे मत मी घरात मोठ्याने मांडत नाही. मांडलं की बायको विचारते, "पण तसं म्हणालं कोण होतं?" आणि उत्तर तिला माहीत असतं.

म्हणालो मीच होतो. आत्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता आणि तिला काय द्यायचं यावर घरात खल चालला होता. साडी नको, कपाटं भरली आहेत. भांडी नकोत, ती आपली भांडी लोकांना वाटत सुटली आहे. तेव्हा मी म्हणालो, आपण आत्याची एक वेबसाइट करू. घरातल्या प्रत्येकाने आपल्या नावाने आत यायचं, तिच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, त्या सगळ्यांना दिसतील. आत्या रोज थोडं थोडं वाचेल. त्यात काय एवढं?

हे मी का म्हणालो, तर ऑफिसात संगणक अडला की तो बंद करून पुन्हा चालू करण्याचं धैर्य असलेला मी एकटाच आहे. या एका गुणावर माणूस किती वर्षं तज्ज्ञ म्हणून मिरवू शकतो हे पाहून माझं मलाच नवल वाटतं.

आता कोणी म्हणेल, वेबसाइट कशाला, फोनवर घराचा ग्रुप असेलच की. ग्रुप आहे. एक नाही, दोन आहेत. एकात काका आहेत, एकात आत्या आहे आणि उरलेले आम्ही सगळे दोन्हीकडे आहोत. एकाच बातमीवर दोनदा आश्चर्य व्यक्त करण्याची आम्हाला सवय झाली आहे. काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांनी घर बदलताना आजीचं शिवणाचं मशीन आत्याला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलं. आत्या म्हणाली, निदान विचारायचंस. काका म्हणाले, तू तरी कधी न्यायला आलीस? त्यानंतर दोघांत बोलणं नाही. आधी कोण थांबलं याबद्दल दोन मतं आहेत. दोन्ही ठाम आहेत.

म्हणून काकांनी लिहायचं कबूल केलं तेव्हा घरात एकदम दबकी शांतता पसरली. काकूंनी फोन करून मला हळू आवाजात बजावलं, "हे लिहिणार म्हणालेत. कुणी काही बोलू नका, कौतुकसुद्धा करू नका. पिल्लू खिडकीत आलंय, टाळ्या वाजवल्या की उडून जाईल." एकाहत्तर वर्षांच्या माणसाला पिल्लू म्हणणं मला पटलं नाही, पण मुद्दा पटला. आत्याही रोज फोन करू लागली. "सगळ्यांचं आलं का रे?" सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, हे तीही सांगत नव्हती आणि मीही विचारत नव्हतो.

वेबसाइट राहते कुठे, याचा सर्वसामान्य माणूस कधी विचार करत नाही. मीही केला नव्हता. ती कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर राहते आणि त्या जागेला होस्टिंग म्हणतात. त्यातलं स्वस्तातलं असतं ते शेअर्ड होस्टिंग. म्हणजे एकाच संगणकात शेकडो वेबसाइटी बिऱ्हाड करून राहतात. आपल्याला बाकीचे दिसत नाहीत, बाकीच्यांना आपण दिसत नाही. मला ही व्यवस्था फार आवडली. शेजारी आहेत पण दिसत नाहीत, याहून जास्त सुख माणसाने मागू नये.

तर वेबसाइट झाली. आत्याच्या जावयांनी सर्वांत आधी येऊन "शुभेच्छा." असं लिहिलं. ते पहिल्या फटक्यात उमटलं. जावई एरवीही तेवढंच बोलतात.

खरी गंमत पुढे झाली. माझ्या धाकट्या बहिणीने दुपारभर बसून लांबलचक मजकूर लिहिला, "पाठवा" दाबलं आणि समोर पाटी आली : "आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा." मजकूर गेला. बायकोने लिहिलेला परिच्छेद तसाच गेला. काही दिवसांत माझ्या लक्षात आलं, की झटपट लिहिणाऱ्याचं उमटतं आणि मनापासून लिहिणाऱ्याचं जातं. जगाचाही बहुधा हाच नियम आहे, पण तो माझ्या वेबसाइटने पाळायचं काही कारण नव्हतं.

आणि मग व्हायचं तेच झालं. काकांचा फोन आला.

"मला बाहेर काढलं."

"कोणी, काका?"

"ते तू मला विचारतोस?"

"काका, तुमचं सत्र संपलं असेल."

"माझं काही संपलं नव्हतं. मी आत्ता कुठे मुद्द्यावर येत होतो."

मी समजावून सांगायला लागलो, की यंत्र माणूस ओळखत नाही, ते सगळ्यांनाच बाहेर काढतं. काका म्हणाले, "जावयांना नाही काढलं. त्यांचं 'शुभेच्छा' मी वाचलं. तिला सांग, दारात आलेल्या माणसाला असं घालवत नाहीत. आणि वर 'आपले' म्हणे! घालवायचं ते घालवायचं, वरून आदर!"

ती पाटी मी स्वतः लिहिली होती. तिच्यातल्या शुद्ध आणि सौजन्यपूर्ण भाषेचा मला अभिमान होता. तो गिळून मी ती बदलली : "तांत्रिक कारणाने आपण बाहेर आला आहात. यात कोणाचाही हात नाही." संध्याकाळी काकूंचा फोन. "ते म्हणतायत, हात नाही असं मुद्दाम लिहिलंय म्हणजे आहे."

मी होस्टिंग कंपनीच्या मदत विभागाकडे गेलो. तिथे तक्रारीला तिकीट म्हणतात. तिकीट काढायला आधी त्यांच्या साइटवर प्रवेश करावा लागतो. मी तक्रार सविस्तर लिहिली आणि पाठवायला गेलो तर त्यांनी मला कळवलं, की माझं सत्र संपलं आहे. दुसऱ्यांदा मी जावयांच्या शैलीत लिहिलं : "सारखं बाहेर काढतं. मदत करा." उत्तर आलं, की झालेल्या गैरसोयीबद्दल ते दिलगीर आहेत आणि सर्व वापरकर्त्यांनी आपापल्या ब्राउझरमधली साठवण पुसून पाहावी.

मी तसं दोन्ही ग्रुपवर कळवलं. लोकांनी आज्ञाधारकपणे पुसलं. त्याबरोबर प्रत्येकाचे साठवून ठेवलेले जगातले सगळे पासवर्ड गेले. बहिणीला विजेचं बिल भरता येईना. जावई त्यांच्या स्वतःच्या ऑफिसच्या साइटबाहेर उभे राहिले. त्यांनी आत्याच्या पानावर येऊन आणखी एक शब्द लिहिला, तोही पहिल्या फटक्यात उमटला, आणि मला तो तातडीने काढून टाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी मदत विभागाचं पत्र आलं, की माझं तिकीट समाधानकारकरीत्या बंद करण्यात आलं आहे. समाधान कोणाचं, ते लिहिलं नव्हतं. मी तिकीट पुन्हा उघडलं. त्यांनी पुन्हा बंद केलं. मी उघडतोय आणि ते बंद करतायत, हा प्रकार इतका चालला की आमच्यात एक प्रकारचा घरोबा निर्माण झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, की आपण महागडं स्वतंत्र होस्टिंग घेतल्यास असा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे भाड्याच्या खोलीत पाणी येत नाही अशी तक्रार करावी आणि मालकाने बंगला बांधा म्हणून सुचवावं, त्यातली गत.

समोरच्या दारातल्या साहेबांच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. ते निवृत्त पूल-अभियंते. त्यांनी बांधलेला एकही पूल पडलेला नाही, हे ते पहिल्या भेटीतच सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात नसलेली शंका उगीचच येते.

"भार जास्त होतोय," साहेब म्हणाले. "एका वेळी किती माणसं सोडता आत?"

"फार तर तीन-चार."

"तेच ते! एकेक सोडा. पुलावर आम्ही तेच करायचो. वेळापत्रक लावा."

वेळापत्रक हा शब्द ऐकला की माझ्यातला नोकरदार जागा होतो. मी वयानुसार वेळा लावून दिल्या. मग प्रश्न आला, वय की नातं? जावयांचा मान आधी की धाकट्या भावाचा? मी काकांना जावयांच्या नंतर ठेवलं, कारण जावयांना वेळ लागत नाही. पंधरा मिनिटांत काका म्हणाल्याचं काकूंकडून कळलं, "रांगेत उभं करून मग हाकलणार असतील. ठीक आहे. मी लिहीत नाही. विषय संपला."

विषय संपला, हे काकांचं शेवटचं वाक्य असतं. मशीनच्या वेळीही ते हेच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी आत्याचा फोन आला. "सगळ्यांचं आलं का रे?" मी म्हटलं, येतंय, थोडी अडचण आहे. ती मग म्हणाली, "नसेल लिहायचं कुणाला तर आग्रह करू नकोस हो. माझं काही अडलेलं नाही." माणसाचं अगदी अडलेलं असल्याशिवाय तो असं सांगत नाही. मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. ऑफिसात असं बसलो की लोक विचार करतोय समजतात. घरात बायको म्हणाली, "रिकामेच असाल तर छत्री शोधा."

छत्री मी दाराबाहेर जिन्यात टेकवली होती आणि ती नाहीशी झाली होती. हे आमच्याकडे नवीन नाही. वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांना सगळी इमारत टापटीपबाई म्हणते. त्यांना पसारा बघवत नाही. जिन्यात जे काही थोडा वेळ पडून दिसेल ते त्या उचलतात आणि तळाशी मीटरच्या खोलीत नेऊन टाकतात. छत्र्या, चपला, एकदा तर साहेबांची फुलझाडाची ताजी लावलेली कुंडी.

"पण मी ती आपल्या दाराला टेकवली होती!" मी म्हणालो.

"दार आपलं, जिना सगळ्यांचा," बायको म्हणाली. "त्या थोड्याच बघतात कुणाची आहे ते? पाच मिनिटं हलली नाही म्हणजे टाकाऊ, एवढंच त्यांचं गणित. तुम्ही तुमची वस्तू घरात ठेवायला कधी शिकणार?"

मी खाली जाऊन छत्री उचलली आणि परत निघालो, तो मीटरच्या खोलीच्या दारातच थबकलो. हातात छत्री, डोक्यावर कोळिष्टक, आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

वाचकांना थोडक्यात सांगतो. आपण वेबसाइटवर प्रवेश करतो तेव्हा होस्टिंगचा संगणक आपल्या नावाची एक चिठ्ठी करून ठेवतो : हा मनुष्य आत आहे. यालाच सत्र म्हणतात. चिठ्ठी आहे तोवर आपण आत. चिठ्ठी गेली की आपण परके. मी सेटिंग उघडून पाहिलं. माझ्या चिठ्ठ्या माझ्या खोलीत नव्हत्याच. त्या होत्या सामायिक फोल्डरमध्ये, म्हणजे जिन्यात. त्याच जिन्यात शेकडो बिऱ्हाडांच्या चिठ्ठ्या पडलेल्या, आणि त्यांतल्या कुठल्यातरी एका बिऱ्हाडात टापटीपबाई राहत होत्या. त्यांच्या वेबसाइटचा नियम, काही मिनिटं हलली नाही ती चिठ्ठी झाडून टाकायची. मग ती स्वतःची असो, माझी असो की माझ्या काकांची. काका मुद्द्यावर येईपर्यंत बसून टाइप करत होते. त्यांची चिठ्ठी हलत नव्हती. तेवढ्यात झाडू फिरत होता.

तो शेजारी कोण, हे मला अजून कळलेलं नाही. सज्जनच असणार. पसारा न खपणारी माणसं सज्जन असतात, म्हणून तर त्यांचं काही करता येत नाही.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. मी माझ्याच जागेत एक वेगळं फोल्डर केलं, यापुढे चिठ्ठ्या इथे ठेवायच्या असं एका ओळीत सांगितलं, आणि घाऊक उदारपणे त्यांची मुदत महिनाभराची केली. पाहुण्याला एकदा आत घेतलं की त्याने हवं तेवढं बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सहज म्हणून आली. सहज म्हणजे, सगळ्यांचं आलं का ते बघायला. मी तिला माझ्या संगणकावर तिच्या नावाने आत नेलं. तिने सगळ्यांचं वाचलं, वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा खालपासून वरपर्यंत. चहा झाला, गप्पा झाल्या, ती घरी गेली. दुपारी पाहतो तर आत्या आतच! कोणी तिला बाहेर काढलं नव्हतं. मी ते पान बंद केलं नाही. उबवणीच्या अंड्याकडे पाहावं तसा मी येता-जाता त्याच्याकडे पाहत होतो. बायकोलाही दाखवलं. तिने पाहिलं आणि विचारलं, "छत्री कुठे ठेवलीत?"

मग मी काकूंना फोन केला. दुरुस्त झालंय, जिन्यातला दोष होता, आता कोणी काढणार नाही. मागून काकांचा आवाज आला, "माझ्या घरातून मी पुन्हा तिच्या दारात जाणार नाही! त्याच्या घरातून जातो. बघू कोण हात धरून काढतंय ते."

संध्याकाळी दोघं आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"मी लिहिताना मागे कुणी उभं राहायचं नाही," त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं.

"पण काका, आधी तुमचं नाव—"

"मला येतं सगळं. तू जा."

काकूंनी माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात आणलं. आम्ही तिघं उभ्याने चहा प्यायलो. खोलीतून एकेक अक्षर शोधून मारल्याचा आवाज येत होता. टक. बऱ्याच वेळाने, टक. मध्येच आवाज थांबला की काकू कप खाली ठेवायच्या. पुन्हा टक आला की उचलायच्या. मी आयुष्यात इतका सावकाश चहा प्यायलेला नाही.

शेवटी काका बाहेर आले. चेहरा एकदम प्रसन्न.

"झालं. या खेपेला बरं वागवलं. नाव विचारलं नाही, पासवर्ड विचारला नाही, थेट आत. घरच्या माणसाला असंच घ्यायचं असतं. हे तुला आधी का नाही सुचलं?"

माझा ऊर भरून आला. ते जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तो भरलेलाच होता. मग नाव विचारलं नाही म्हणजे काय, हा विचार माझ्या डोक्यात शिरला आणि मी खोलीत धावलो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं : आत्या. आणि खाली आत्याच्या नावावर, ताजा ताजा, सगळ्या घराला दिसेल असा मजकूर :

"चूक माझीच होती. एका मशीनपायी इतकी वर्षं बोलणं टाकायला नको होतं. मशीन गेलं, पण त्याचा लाकडी खण माझ्याकडे आहे. आईची बटणं आत तशीच आहेत. धूळ बसू दिलेली नाही. वाढदिवस आनंदात जावो."

सबंध आयुष्यात काका एकदा नमले, आणि मी ते दुसऱ्याच्या नावावर जमा केलं. नाव बदलणं माझ्या हातात होतं. मी ते बदलायला घेतलं, तेवढ्यात जावयांचा अभिप्राय उमटला : "वा." आणि त्यापाठोपाठ फोन वाजला.

"काय रे," आत्या म्हणाली, "मी काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"आत्या, ते... तांत्रिक आहे. आत्ता बदलतो."

"थांब. खण माझ्याकडे आहे असं मी लिहिलंय."

"हो."

"माझ्याकडे खण नाही."

"नाही."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं, फोनचंही सत्र संपलं. मग ती म्हणाली, "मला वाटत होतं, तो मशीनबरोबरच गेला. निळी बटणं होती बघ त्यात, आईच्या कोटाची. ठेवली त्याने." मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठे बसून लिहिलं?"

"इथेच. तू सकाळी उघडून गेलेल्या पानावर."

"बरं झालं."

"मी आता काकांचं नाव घालतो, आत्या. अगदी सोपं आहे."

"खबरदार हात लावलास तर! सगळ्या घराने वाचलंय. मघाशीच लेकीचा फोन येऊन गेला, आई, खण दाखव म्हणून. मी म्हटलं, दाखवीन. आता त्याचं नाव घातलंस की तो म्हणणार, ताईच्या नावावर चढवून माझं हसं केलं. पुन्हा तोंड फिरवून बसेल. राहू दे माझ्या नावावर. पहिलं वाक्य काही खोटं नाहीये."

पुढचं मला काकूंकडून कळलं. काका घरी पोहोचून चपला काढत होते तोच फोन वाजला. पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. "धाकट्या, माझा खण तुझ्याकडे राहिलाय. वाढदिवसाला घेऊन ये. बटणं बघून घेईन, सगळी पाठ आहेत मला." काका एक चप्पल हातात धरून उभे. "मलाही," एवढंच म्हणाले. काकू म्हणाल्या, मग दोघांपैकी कुणालाच फोन ठेवता येईना.

वाढदिवसाला काका आले. काखेत फडक्यात गुंडाळलेला खण. आत्याने तो मांडीवर घेतला, उघडला, बोटाने बटणं इकडची तिकडे केली आणि सगळ्यांना दाखवला, जणू तो कायम तिच्याच कपाटात होता. मग काकांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे मोर्चा वळवला.

"काय रे, माझ्या नावावर तर काहीच दिसत नाही. पुन्हा घालवलंस ना माझं लिहिलेलं?"

मी तोंड उघडलं. आत्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी तोंड मिटलं.

"सोड रे, त्याला नाही जमत ते," ती म्हणाली. "मी लिहिलंय ते वाच."

तिने फोन पुढे केला. काकांनी चष्मा चढवला. वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. खोलीत सगळे काहीतरी आवरायला लागले.

"बरं लिहिलंयस," काका अखेर म्हणाले. "मजकूर थोडा आटोपता आहे."

"धाकट्या भावाकडून शिकले," आत्या म्हणाली आणि तिने खण बंद केला.

तेव्हापासून घरात माझ्याविषयी एकमत झालं आहे, आणि आता एकच ग्रुप असल्यामुळे ते एकदाच वाचावं लागतं : ह्याची वेबसाइट काही धड चालत नाही, खुद्द काकांचं लिहिलेलं हरवलं ह्याने. मी खुलासा करत नाही. ऑफिसातही अलीकडे संगणक अडला की लोक आपणच बंद करून चालू करतात.

महिन्याची मुदत मी नंतर वाढवून टाकली. आत्या अजून माझ्या संगणकावर आतच आहे. तिला बाहेर काढायची माझी हिंमत नाही.